हात लावल्याशिवाय उठायचं नाही

१

या यात्रेच्या वाटेवर चालायला निघालेल्या माणसाला पहिल्या दिवशी एक वही देतात आणि एक नियम सांगतात. वहीत प्रत्येक मुक्कामाचा शिक्का घ्यायचा. नियम असा, की वाटेत जिथे जेवाल तिथे काहीतरी हातभार लावल्याशिवाय उठायचं नाही. भांडी घासा, भाजी चिरा, अंगण झाडा, काहीही. देवाबद्दल माझं फारसं चांगलं मत नाही, पण हा नियम मला आवडला होता. फुकटचं खाऊन ढेकर देणारी माणसं लहानपणापासून माझ्या डोक्यात जातात.

तरी अकरा दिवसांत मी एक चमचासुद्धा विसळला नव्हता. माझ्या वाटणीचं सगळं माझा भाऊ करत होता. त्याचं घरातलं नाव बारक्या. आता बेचाळीस वर्षांचा आहे, सहा फूट उंच, दारातून जाताना मान वाकवतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं. जेवण झालं की तो बाह्या सरसावून उठायचा आणि समोरच्यांना सांगायचा, "ताईची कंबर धरलीय, तिचंही मीच करतो." माझी कंबर ठणठणीत होती. त्यालाही ते माहीत होतं. मी त्याला करू देत होते, तो करत होता, आणि आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो. तसे आम्ही कशाबद्दलच बोलत नव्हतो.

नऊ वर्षांपूर्वी बारक्याने आमच्या अंगणातून त्याची पावाची गाडी मागे घेतली. मागे माझी मुलगी होती. सहा वर्षांची. आरशात दिसली नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं, सगळ्यांनी तपासून पाहिलं. मी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढण्याचं काम करते. त्या दिवशी माझी ड्यूटी होती आणि तिला माझ्याच टेबलावर आणलं. डावीकडची सातवी, आठवी आणि नववी बरगडी. त्यापुढचं मी कुणाला सांगत नाही.

त्यानंतर बारक्याने कधी स्टिअरिंगला हात लावला नाही आणि मी त्याच्याशी धड चार वाक्यं बोलले नाही. या वर्षी आई गेली. जाण्याआधी तिने त्याचा हात माझ्या हातात द्यायचा प्रयत्न केला. मी माझा काढून घेतला. तेव्हा म्हणाली, "मग चालत तरी जा दोघं. पोचलात की म्हण त्याला, माफ केलं म्हणून. मनापासून म्हण. खोटं म्हणायचं असेल तर जाऊच नकोस." मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? मी हो म्हणून बसले. आता चार दिवसांची वाट उरली होती, आणि ते दोन शब्द माझ्या पोटात कुठेही तयार होत नव्हते.

२

ते गाव वाटेपासून थोडं आत होतं. तिथे जायचं काही कारण नव्हतं, पण तीन दिवस भेटेल तो यात्रेकरू एकच सांगत होता: तिथलं कुटलेलं मांस खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. असं मऊ मांस जन्मात खाल्लं नसेल. बारक्या मूळचा खादाड. तो काही म्हणाला नाही, पण फाट्यावर आल्यावर त्याची पावलं मंदावली. त्यात त्याची एक टाच फोडाने सोलवटली होती. रोज सकाळी मीच तिला कापूस लावून वरून हॉस्पिटलची निळी पट्टी बांधत होते. ते प्रेम नव्हे. वेडीवाकडी बांधलेली पट्टी मला बघवत नाही, इतकंच.

"जाऊया," मी म्हटलं. त्याला इतका आनंद झाला की मला त्याचाही राग आला.

गावात शिरण्याआधीच आवाज ऐकू आला. धप्. मग थोडं थांबून धप्. भर दुपार होती, ऊन डोक्यावर, आणि घराघरातून तो आवाज येत होता. कुठे भराभर, कुठे सावकाश. मांस कुटतात म्हणजे असं कुटतात, हे कळलं आणि मी पुढे चालू लागले. नवीन गावात दोन मिनिटांत कानाला सवय होते.

डोळ्यांना मात्र झाली नाही. कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान होतं. न्हाव्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि तो डाव्या हाताने एका माणसाची दाढी करत होता. त्या माणसाचा जबडा एका बाजूने सुजून काळानिळा पडला होता. न्हावी त्याची हनुवटी अशी धरून होता की जणू ती काचेची आहे. पुढे बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हातारीचा खांदा खाली उतरलेला. मोडलेलं हाड कुणी नीट बसवलं नव्हतं, ते मला कपड्यांवरूनही दिसलं. म्हातारा बशीत चहा ओतून, फुंकर घालून तिला पाजत होता.

फाटकात एक बाई लंगडत आली, तिच्या मागून तिची सासू. सासूची दोन बोटं एकत्र बांधलेली. सून म्हणाली, "उन्हात कशाला आलात, आई? आत बसा ना." आणि सासू म्हणाली, "तू दमली असशील म्हणून आले गं." सासू-सुनांचं असं बोलणं मी फक्त लग्नाच्या बोलण्यांत ऐकलंय.

माझं काम असं आहे की रस्त्याने चालतानाही मला माणसांची हाडंच दिसतात. त्या एका गल्लीत मी अकरा फ्रॅक्चर मोजली. जुनी, नवी, अर्धवट सांधलेली. जवळ खाण असेल, मी स्वतःला सांगितलं. किंवा मांस कुटायच्या लाकडी मोगऱ्याच हातावर बसत असतील, कुटताना लक्ष नसलं की व्हायचंच. माणसाला कारण लागतं. मिळालं की तो पुढे जातो.

३

खाणावळीत सहा टेबलं होती आणि सगळीकडे दोघं दोघं बसलेली. मालकीणबाई दणकट, कोपरापर्यंत हात असे की पैलवानाने लाजावं. एका भुवईवर आडवी खूण. तिने काही न विचारता दोन ताटं आणून ठेवली.

मांसाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ते चावावं लागत नव्हतं. जिभेवर ठेवलं की त्याच्या तारा सुटायच्या आणि घास आपोआप उतरायचा. बारक्याने डोळे मिटून घेतले. मीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं, खोटं कशाला बोलू.

शेजारच्या टेबलावर एक बाई आपल्या नवऱ्याला भरवत होती. त्याचे दोन्ही हात मनगटापासून पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेले होते आणि तो तिला काहीतरी विनोद सांगून हसवत होता. हसताना तिने तोंडाला पदर लावला, तेव्हा समोरचे तीन दात नसल्याचं दिसलं.

मी मालकीणबाईला विचारलं, "इथे जवळ खाण आहे का हो? इतक्या लोकांना लागलेलं दिसतं."

"खाण कुठली. घरचंच सगळं." तिने पाण्याचा तांब्या ठेवला. "आमच्या गावात एक गोष्ट बघा फिरून. कुणी कुणावर आवाज चढवत नाही. नवरा-बायको नाही, भाऊ-भाऊ नाही. मनात ठेवून कुणी झोपत नाही." मग आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघून म्हणाली, "तुम्ही बहीण-भाऊ ना? जेवा पोटभर. मग काम आहेच."

ती गेली. बारक्याने शेवटचा घास घेतला, बोट चाटलं, आणि खाली बघूनच म्हणाला, "ठमाबाईला आवडलं असतं गं हे."

ठमाबाई म्हणजे माझी मुलगी. हे नाव त्याने ठेवलं होतं, ती गुबगुबीत होती म्हणून. नऊ वर्षांत त्याच्या तोंडून ते नाव आलं नव्हतं. त्याने ते किती हळू, किती भीतभीत उच्चारलं, ते मला आता कळतं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की याच्या ओठांना तेल लागलंय आणि हा तिचं नाव घेतोय. समोर सुरी असती तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

मी खुर्ची मागे सारली. "आज तू बस," मी म्हटलं. "तुझी टाच दुखतेय. काम मी करते."

बारक्याने वर पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, बहिणीला माया आली. मला त्याच्यासमोरून उठायचं होतं, बाकी काही नाही.

४

मालकीणबाई मला मागच्या खोलीत घेऊन गेली. खोली लहान, स्वच्छ, चुन्याने रंगवलेली. वर एक जाळीची खिडकी, तिच्यातून दुपारचं ऊन सरळ खाली पडत होतं. मध्ये माणसाच्या कमरेइतका उंच दगडी ओटा, कडेने पन्हळ काढलेला, आणि ओट्यावर ओल्या गोणपाटाखाली झाकलेलं मांस. बरंच मोठं होतं. अर्धं जनावर तरी असावं.

"ही मोगरी," तिने लाकडाची जड मोगरी माझ्या हातात दिली. मूठ घासून घासून गुळगुळीत झाली होती. "गोणपाट काढायचं नाही, शिंतोडे उडतात. आतून कडी लावून घ्या, कुत्री शिरतात."

"किती कुटायचं?"

"मऊ होईपर्यंत."

"ते कसं कळणार?"

"कळतं. हात आपला आपण थांबतो." ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "जोरात मारा बरं का. हळू मारलं की नुसतं चिघळतं."

मी कडी लावली. पहिला घाव हलकाच मारला. धप्. मांस जरासं आत गेलं आणि परत वर आलं. कोमट होतं, गोणपाटातून हाताला वाफ लागली. नुकतंच कापलेलं असणार. दुसरा जरा जोरात. तिसऱ्यापासून मला लय सापडली.

आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते. मला बरं वाटायला लागलं. इतकं बरं मला नऊ वर्षांत वाटलं नव्हतं. प्रत्येक घावाबरोबर छातीतला एक दगड निखळून पडत होता. मी मनात म्हणत होते, हा आरशासाठी. हा त्या दिवशी तू रडत माझ्या गळ्यात पडायला आलास त्यासाठी. हा तू जिवंत आहेस त्यासाठी. हा तू भांडी घासतोस त्यासाठी, आणि हा तिचं नाव घेतलंस त्यासाठी. घामाने कपाळ निथळत होतं. केस सुटले. मी दात ओठ खाऊन मारत होते आणि हसतही होते बहुतेक, कारण नंतर गाल दुखले.

मध्येच एक घाव टणक लागला. हाड. आणि मग ते हाड गेलं. वीस वर्षं मी मोडलेली हाडं बघतेय, पण ती मोडून झाल्यावर बघतेय. मोडताना कसं वाटतं ते मला माहीत नव्हतं. वाळलेली काटकी आणि ओला कपडा, दोन्ही एकदम. मी त्याच जागी परत मारलं. त्याच्या खालचं गेलं. मग त्याच्या खालचं.

भिंतीपलीकडे कुणीतरी खोकत होतं. माझ्या घावानंतर खोकला, परत घाव, परत खोकला. खाणावळीत कुणाला ठसका लागला असेल.

गोणपाट हादऱ्यांनी एका बाजूने सरकत होतं. मी ते ओढून नीट करायला टोकाशी गेले. टोकाशी टाच होती.

ती टाचेसारखी होती, असं म्हणते. डुकराचा पाय सोलल्यावर माणसाच्या पायासारखा दिसतो, हे कुणीही सांगेल. कातडी पांढरट, फुगलेली. तिच्यावर निळी पट्टी होती. कडेला कापसाचा एक धागा बाहेर आलेला. पट्टीचं टोक आतल्या बाजूला दुमडलेलं होतं, मी दुमडते तसं, म्हणजे मोजा घासत नाही. खाटीकही पट्ट्या वापरत असतील. जनावर टांगताना पाय बांधतात, ते निळ्या पट्टीने बांधत असतील. हे सगळं मी उभी राहून, शांतपणे, ओळीने विचार करून ठरवलं.

आणि मग मी आणखी एक घाव मारला. कळत होतं, पण वळत नव्हतं, असं म्हणून सुटता येणार नाही. मला पूर्ण कळत होतं. मी मोगरी दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि जिथे मनगट असायला हवं तिथे, नेम धरून मारली.

त्यानंतर हात आपला आपण थांबला.

५

बाहेर आले तेव्हा बारक्या टेबलावर वाकून बसला होता. त्याच्या शर्टाला बाहेरून काही लागलं नव्हतं. चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठांच्या कोपऱ्यातून लाल लाळ गळत होती. डावा हात मांडीवर उलटा पडलेला.

"ताई," तो म्हणाला, "बसल्या बसल्या काय झालं कळेना. काहीतरी बाधलं वाटतं."

मी त्याचा शर्ट वर केला. सबंध बाजू जांभळी झाली होती, आणि तो श्वास घ्यायचा तेव्हा तिथला बरगड्यांचा एक पट्टा आत जायचा. एक्स-रेची गरज नव्हती. बोटांनी चाचपलं. डावीकडची सातवी, आठवी, नववी. ते आकडे मला पाठ होते.

आजूबाजूला सगळे जेवत होते. शेजारच्या बाईने नवऱ्याच्या तोंडात घास दिला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, नव्या बाळंतिणीकडे बघून जुन्या बायका हलवतात तशी.

"मी केलं," मी बारक्याला म्हटलं. "बारक्या, आत मी तुला मारत होते."

"हो," तो म्हणाला. तो आश्चर्यचकित झाला नाही. "मला वाटलंच. बरं वाटतंय का तुला?"

मी खाली बसले. त्याचा प्रश्न खरा होता. आणि उत्तर असं होतं की मला बरं वाटत होतं. आत चाचपून बघितलं तर राग नव्हता. जागा होती, पण तिथे काही नव्हतं. समोर माझा भाऊ होता, ज्याला मी लहानपणी कडेवर घेऊन फिरत होते, आणि त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. मला त्याची फार कणव आली. आईचे ते दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. मी ते तेव्हाच म्हणायला हवे होते. मी थांबले, कारण मला वाटलं की एकतर्फी म्हणणं बरोबर नाही. मी त्याला मोडून ठेवलंय आणि वरून मीच माफ करतेय, हा कुठला न्याय?

मालकीणबाई आली. "आता यांची पाळी," ती म्हणाली. "दोघांचं झाल्याशिवाय उपयोग नसतो."

"याला उभं राहता येत नाहीये."

"उजवा हात आहे की. आमच्याकडे सगळे असेच गेलेत. मी स्वतः एका डोळ्याने गेले होते." तिच्या बोलण्यात दुष्टावा अजिबात नव्हता. दवाखान्यातली जुनी नर्स बोलते तशी ती बोलत होती. "नाहीतर जा तसेच. कोण अडवतंय?"

मी बारक्याकडे वळले. नऊ वर्षं मी याला उंबऱ्याबाहेर उभं केलं. सणवार, आजारपण, आईचं शेवटचं दुखणं, सगळीकडे याच्याकडे पाठ केली. याच्या लग्नाची बोलणी मोडली ती माझ्यामुळे. त्याच्याकडेही माझ्यासाठी साठलेलं असणारच. कुणाकडे नसतं?

"जा तू," मी म्हटलं. "जा आणि मला मार. मी केलं तसंच कर, हातचं राखू नकोस. फिटंफाट होऊ दे, मग आपण पुढे जाऊ."

"तुला?" तो म्हणाला. "तुला कशाला गं?"

"जा म्हणते ना."

ताईने सांगितलं की बारक्या करतो. त्याने टेबलाला धरून स्वतःला उभं केलं, डावा हात लोंबकळत ठेवला आणि भिंतीच्या आधाराने मागच्या खोलीकडे गेला. दारात त्याने मान वाकवली. मग कडी लागल्याचा आवाज आला.

६

मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. पाय जमिनीवर घट्ट रोवले. कुठे बसेल कुणास ठाऊक. डोक्यात बसू नये एवढंच वाटत होतं, आणि बसलंच तर बसू दे असंही वाटत होतं. शेजारच्या बाईने आपली खुर्ची सरकवून माझा खांदा धरला. "पहिला वाईट असतो," ती कानात म्हणाली.

धप्.

काही झालं नाही. मी खांदे हलवले, बरगड्यांवर हात फिरवला. काही नाही. हळू मारला असेल, बारक्या तो बारक्याच, मला लागू नये म्हणून मोगरी नुसती टेकवली असेल.

धप्. हा हळू नव्हता. ताटलीतला चमचा वाजला. मी वाट पाहिली. माझ्या अंगावर कुठेही काही उमटलं नाही.

"तुम्हाला लागत नाहीये?" शेजारची बाई म्हणाली. तिने माझ्या खांद्यावरचा हात काढला.

तिसरा घाव बसला, आणि त्याच्या मागोमाग आतून एक आवाज आला. हवा भरलेल्या पिशवीवर कुणी पाय द्यावा तसा. माणूस कण्हतो तेव्हा आधी त्याला दुखतं आणि मग तो कण्हतो, दोहोंमध्ये जरा वेळ जातो. इथे वेळ जात नव्हता. मोगरी आणि कण्हणं एकाच क्षणी येत होतं.

मी मालकीणबाईकडे पाहिलं. ती हातात ताट घेऊन उभी होती आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा बदलला होता.

"कुणाला मारतोय हा?" तिने मला विचारलं. "बाई, कुणाचा राग होता याच्या मनात?"

मी धावत गेले. दार जाड फळ्यांचं होतं, आतून कडी. मी खांदा मारला, मालकीणबाईने मारला, तो फडकी गुंडाळलेला नवराही कोपराने मारायला लागला. दोन फळ्यांच्या मधे बोटभर फट होती. तिला डोळा लावला. ऊन सरळ ओट्यावर पडलं होतं. बारक्याची पाठ दिसली. मोगरी वर गेली, खाली आली, आणि गोणपाटावर जिथे बसली तिथेच त्याची पाठ आतल्या आत खचली, ओला पुठ्ठा दुमडतो तशी. त्याचा डावा गुडघा दुमडला. तो ओट्याच्या कडेवर छाती टेकवून उभा राहिला आणि परत मोगरी उचलली. सगळं डाव्या बाजूला मारत होता. एका ठरावीक जागी. घाई नव्हती. इतकं मन लावून काम करताना मी त्याला अकरा दिवस पाहत आले होते.

"थांबवा ना याला," मी मालकीणबाईला म्हटलं.

"मऊ झालं की थांबेल." ती म्हणाली. "पण स्वतःवरचं असं... असं इथे कुणी करत नाही हो."

"बारक्या!" मी फटीत तोंड घातलं. "बारक्या, मी माफ केलं. ऐकतोयस ना? माफ केलं मी तुला. मनापासून म्हणतेय. आईची शपथ. ठमीची शपथ."

आणि ते खरं होतं. आयुष्यात मी इतकं खरं काही बोलले नसेन. शब्द असे बाहेर आले की त्यांच्यामागे काहीच शिल्लक राहिलं नाही.

आतला आवाज थांबला.

मी फटीला कान लावला. त्याचा श्वास ऐकू येत होता, घरघरता, खूप खालून ओढलेला. मोगरी जमिनीवर टेकवल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. मला वाटलं, याला पाठीवर घालून मी हॉस्पिटलपर्यंत नेईन, चालत नेईन.

"तू केलंस गं ताई," बारक्या आतून म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, समजूत घातल्यासारखा. "कळलं मला. बरं झालं. माझं अजून राहिलंय."

मग त्याने एक मोठा श्वास घेतला, काहीतरी जड दोन्ही हातांनी उचलायचं असलं की माणूस घेतो तसा.